देवापुढं सोडलेला चहा

कोरा चहा उकळला की मला मार्कंड्याची जत्रा आठवते. मनाच्या आजारावर लिथियमच्या गोळ्या घेणारा माझा भाऊ दिवसभर तोच चहा प्यायचा. तो पूर्ण बरा व्हावा म्हणून आईनं जत्रेत त्याला हा आवडीचा चहा देवापुढं सोडायला लावला. थोड्याच दिवसांत त्याचे हात थरथरू लागले, जीभ अडखळू लागली, उलट्या थांबेनात. जीपनं दवाखाना गाठेपर्यंत तो मला ओळखेनासा झाला. "चाय एकदम काऊन सोडली? तिच्यानं औषध लघवीतून निघून जात होतं, आता रक्तात साचलं ना!" चहा सोडल्याचं ऐकताच डॉक्टर ओरडले. आई दवाखान्याच्या पायरीवरच कोसळली. "देवा, मी सोडतो चाय, माह्या पोराले जगू दे!" भाऊ वाचला. आता त्याचा चहा मीच उकळतो. आईचा कप अजून फळीवर उपडाच आहे.