आप्पांना न केलेला फोन

आप्पा गेल्याची बातमी मला शाळेत कळली. मी पेपर तपासत बसलो होतो. शेजारच्या वर्गाच्या बाई दारात येऊन म्हणाल्या, "सर, तुमचे आप्पा गेले. तासाभरापूर्वी. उन्हातून घरात आले, भिंतीला टेकून बसले, पाणी मागितलं, आणि पाणी आणेपर्यंत..." माझ्या डोक्यात मात्र त्यातला एकच शब्द अडकला. तुमचे. आप्पांचं आणि माझं काही नातं नव्हतं. दौंडमध्ये भीमेच्या घाटावर त्यांनी अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं, त्यातलाच मी एक. पण पुढे इतकी वर्षं त्यांच्या मागेपुढे होतो की लोक आम्हाला एकत्रच धरत. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत आप्पांबद्दल चार ठिकाणी चांगलं बोललं गेलं, त्यातल्या दोन ठिकाणी मीच बोललो. जे बोलायला हवं होतं ते सोडून सगळं बोललो.

बबन आप्पा पाटसला साखर कारखान्यात फिटर होते. हंगाम संपला की त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. परीक्षा आटोपल्या की सकाळी सहाला ते घाटाच्या तिसऱ्या पायरीवर उभे असत. खाकी अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी, पायाशी दोरीत ओवलेले सुके भोपळे आणि नंतरच्या काळात तेलाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन. फी नव्हती. अटी दोनच, घरून काही खाऊन यायचं नाही आणि आप्पांनी शिट्टी वाजवल्यावर एक क्षणही पाण्यात थांबायचं नाही. मी नऊ वर्षांचा असताना वडिलांनी मला त्यांच्या ताब्यात दिलं. मला पाण्याची एवढी भीती की आठ दिवस मी पायरीवर बसून नुसते पाय भिजवले. आप्पांनी मला एकदाही ओढलं नाही. नवव्या दिवशी ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "दत्त्या, भ्या वाटतंय ते बरंच हाय. ज्याला भ्या वाटत न्हाई त्याला मी शिकवत न्हाई." मग माझ्या पाठीला भोपळा बांधून, पोटाखाली स्वतःचा हात धरून ते मला घेऊन पाण्यात उतरले. तो हात कधी काढला ते मला कळलं नाही. वळून पाहिलं तर ते चार हात लांब उभे होते आणि हसत होते.

मी शिकून शिक्षक झालो, इथल्याच शाळेत लागलो, आणि त्या दिवसापासून आप्पांनी मला 'अहो सर' म्हणायला सुरुवात केली. मी किती विनवलं, पण नाही. "पोरांपुढं मास्तरला अरेतुरे करायचं नसतंय," म्हणायचे. मीच त्यांच्या मागे लागलो की मुलींनाही शिकवा. त्यांनी घराघरात जाऊन बायकांशी बोलणी केली, सकाळचा पहिला तास मुलींसाठी ठेवला, आणि त्यांच्या पत्नी सुमनकाकी पायरीवर टॉवेल धरून बसू लागल्या. मांडवगण फराट्याच्या एक बाई तर पहाटेच्या एसटीने दोन लेकींना घेऊन यायच्या.

नदी मात्र आमच्या डोळ्यांदेखत बदलत गेली. वरून शहराचं पाणी यायचं, जलपर्णी वाढायची. आप्पा दर रविवारी आकडीने ती ओढून काठावर टाकत, तेव्हा कुठे पोहण्यापुरता तुकडा मोकळा व्हायचा. वाळू उपसून तळाला खड्डे पडले होते, म्हणून त्यांनी घाटापासून काठावरच्या एका बाभळीपर्यंत नायलॉनची दोरी बांधली. उन्हाळा इतका कडक होऊ लागला की सकाळी आठलाच घाटाच्या पायऱ्या तापायच्या आणि पोरं पाण्याबाहेर यायला तयार नसायची. आणि पावसाचा भरवसा गेला. आप्पांचा सगळा हिशोब एका गोष्टीवर होता, की शाळा सुरू होईपर्यंत नदीला वरून पाणी येत नाही. तो हिशोब चुकू लागला हे त्यांच्या माझ्याआधी लक्षात आलं. एक दिवस ते मुद्दाम शाळेत आले. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. "सर, धरणातनं पाणी सोडायचं असलं की तुमच्या मोबाइलवर मेसेज येतो म्हणं. आला की मला फोन करत जा. कवा बी येऊ द्या." मी म्हणालो, "करतो आप्पा. त्यात काय."

सहा वर्षांपूर्वीचा मे. त्या आठवड्यात पुण्याकडे अवेळी पाऊस कोसळत होता. इथे आमच्याकडे नुसतं आभाळ आणि उकाडा. सकाळी पावणेसहाला मी चहा घेत होतो तेव्हा तालुक्याच्या ग्रुपवर मेसेज आला, की नदीत पाणी सोडलं आहे, काठच्या लोकांनी सावध राहावं. मी तो वाचला. पूर्ण वाचला. आणि मला वाटलं, मे महिन्यात कसलं पाणी सोडतात, कुणीतरी गेल्या पावसाळ्यातला मेसेज पुढे ढकलला असणार. वरची तारीख बघायलाही मला दोन सेकंद लागले नसते. फोन हातात होता. मी तो उपडा ठेवला आणि दुसरा कप चहा ओतून घेतला.

साडेसहाच्या सुमाराला पाणी आलं. सहा मुली दोरीला धरून होत्या. नंतर त्यांच्याकडूनच मी ऐकलं, की आप्पा बोलता बोलता थांबले, पाण्यात हात घालून म्हणाले, "गार कसं लागतंय," आणि लगेच शिट्टी वाजवली. पाच जणी पायरीला लागल्या. सहावी, सानिका, बारा वर्षांची, सगळ्यात पुढे होती. दोरी तुटली आणि ती दोरीसकट गेली. आप्पा पासष्टीचे होते. त्यांनी उडी टाकली आणि पुलाच्या खांबाजवळ तिला गाठलं. काठावरच्या वेड्या बाभळीच्या फांदीला एका हाताने धरून आणि दुसऱ्या हाताने तिला छातीशी धरून ते किती वेळ राहिले कोण जाणे. लोकांनी दोर टाकले तेव्हा त्यांचा उजवा खांदा निखळलेला होता आणि अंग काट्यांनी फाटलेलं होतं. सानिकाला खरचटलंही नव्हतं.

दवाखान्यात मी पोचलो तेव्हा त्यांचा हात झोळीत बांधला होता. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कितीतरी वर्षांनी मला नावाने हाक मारली. "दत्ता, तुझा फोन लागला न्हाई व्हय?"

आज कळतं, त्यांनी विचारलं नव्हतं. मला बाहेर पडायला दार उघडून दिलं होतं. त्या दारातून मी खरं सांगून बाहेर पडू शकलो असतो, किंवा खोटं सांगून. मी म्हणालो, "रेंजच नव्हती आप्पा. मेसेज आलाच नाही."

"असंल," ते म्हणाले. आणि खिडकीकडे तोंड केलं.

चौथ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली. पालक चिडलेले होते, आणि त्यांचं चुकत होतं असं मी कसं म्हणू. एकाने उठून विचारलं, "पाणी येणार हे कुणालाच कळलं नव्हतं का? सर, तुम्ही तर त्या ग्रुपवर असता." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आप्पा समोरच्या रांगेत, झोळीतला हात सांभाळत बसले होते. मी म्हणालो, "माझ्यापर्यंत काही आलं नाही." ग्रुपवरच्या दुसऱ्या कुणी तो मेसेज पाहिला असता तर मी तिथेच उघडा पडलो असतो, पण असल्या मेसेजकडे कोण बघतं... मग आप्पा उठले. मला वाटलं, आता ते सांगणार, की मी सरांवर सोपवलं होतं. तेवढं म्हणाले असते तरी पुरे होतं. ते म्हणाले, "पाण्याचा अंदाज मला यायला पायजे होता. इतकी वर्षं झाली ह्याच पाण्यात. चूक माझी हाय, दुसऱ्या कुणाची न्हाई." त्या दिवसापासून घाटावरचा वर्ग बंद झाला. बंद करावा या अर्जावर खाली सह्या होत्या, त्यात शिक्षकांच्या वतीने माझी होती.

त्यानंतर हायवेच्या बाजूला तिकीट काढून पोहायचे तलाव झाले. ज्यांना जमलं त्यांची पोरं तिकडे गेली. बाकीच्यांची पोरं उन्हाळाभर घरात, पंख्याखाली. घाटापाशी जलपर्णीने पायऱ्या झाकून टाकल्या. आप्पांचा खांदा कधीच नीट झाला नाही, हात कानाच्या वर जात नव्हता. मी त्यांच्या गल्लीतून जायचं टाळू लागलो. कधी बाजारात समोर आलेच तर तेच विचारायचे, "काय सर, बरं हाय ना?" आणि मी "बरंय आप्पा" म्हणून घाईत असल्यासारखा पुढे जायचो. गेल्या फेब्रुवारीत ते स्टँडवर भेटले, न्हावऱ्याला पाहुण्यांकडे निघाले होते. एसटीला उशीर होता. मी शेजारी बसलो. मनात आलं, आता सांगावं. त्यांनी आभाळाकडे बघून म्हटलं, "औंदा फेब्रुवारीतच किती तापतंय बघा." मी म्हणालो, "हो ना, फारच." एसटी आली. मी त्यांची पिशवी वर दिली. डाव्या हाताने दांडा धरून ते चढले. तेच शेवटचं.

गेल्या रविवारी मी सुमनकाकींकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, चहाच्या दुसऱ्या कपासकट. त्यांचे हात थांबले नाहीत, निवडून झालेला तांदूळ त्या पुन्हा निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "सहा वर्षं झोपेत सुदिक म्हणायचे, दोरी बदलायला पायजे होती, दोरी बदलायला पायजे होती. मी म्हणायचे, आवो, गेलं ते गेलं..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एक शब्द तुम्ही बोलला असता सर, तर तो माणूस सुखानं झोपला असता."

मी मान खाली घातली. माफ करा असं म्हणायचं ठरवून गेलो होतो, तेही तोंडातून निघालं नाही.

"मला सांगून काय उपयोग," त्या म्हणाल्या. "सानिका मागं हाय. तिला सांगा."

मागे परसात एक लाकडी बाकडं होतं, वीतभर रुंद. त्यावर सात-आठ वर्षांची एक मुलगी पालथी पडून हातपाय मारत होती आणि सानिका तिचे पाय घोट्याशी धरून उभी होती. आणखी तिघी भिंतीला टेकून आपल्या पाळीची वाट बघत होत्या. वर्ग बंद झाल्यावर आप्पांनी हे बाकडं करून घेतलं होतं म्हणे. पाणी नाही तर नाही, हात तरी शिकू द्यात, असं म्हणून ते इथे पोरींना कोरडंच शिकवत. त्यांचा हात चालत नव्हता, म्हणून करून दाखवायला सानिका. त्या गल्लीतून जायचं मी टाळलं, म्हणून मला यातलं काही माहीत नव्हतं.

मी सानिकाला बाजूला बोलावलं. ती आली नाही, तिथेच सांगा म्हणाली. मी त्या चार पोरींसमोर सांगितलं. तिने मुलीचे पाय सोडले नाहीत, पण त्यांची हालचाल थांबली. मग ती म्हणाली, "बैठकीत किती लोक होते सर?"

"असतील दीडदोनशे."

"मग आम्हाला पाच जणींना सांगून कसं भागंल?"

म्हणून हे इथे, सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलं. यात आप्पांची चूक नव्हती. मेसेज आला होता, मी वाचला होता.

निघताना मी त्या बाकड्याजवळ थांबलो. पोरींची पोटं घासून मधला भाग गुळगुळीत झाला आहे आणि थोडा खोलगटही. एका टोकाला आप्पांनी डाव्या हाताने धरून धरून लाकूड काळं पडलं आहे. मी तिथे हात ठेवणार होतो. तेवढ्यात पुढची मुलगी त्यावर चढली, आणि सानिका माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, जरा मागं सरा. तिला हात पसरायला जागा पायजे."