आप्पांचं नळकांडं आणि शिवाचा नवा कॅमेरा

चार माणसं दर रविवारी एकाच जीपमधून फोटो काढत फिरायला लागली की किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. फोटो आपण निवडतो, नको ते डिलीट करतो. किश्श्यांचं तसं नाही हो! नको तेच आधी आठवतात. आणि ज्याच्यावर किस्सा असतो तोच समोर बसून म्हणत असतो, "सांग की रं, लाजतुस कशाला?"

आमची चौकडी अशी. मी सुरेश, साताऱ्यात माझा फोटो स्टुडिओ. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो. दुसरे डॉक्टर, सांगलीचे, दातांचे. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघून कंटाळतात, म्हणून रविवारी फुलांकडे बघतात. तिसरा शिवा, इस्लामपूरचा. घरचा ऊस आहे आणि हौस उसापेक्षा जास्त आहे. नवा कॅमेरा बाजारात आला की पहिला ह्याच्या गळ्यात. आणि चौथे आप्पा. रहिमतपूरकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आमच्यात सगळ्यात वडीलधारे आणि नळकांड्याचे मालक.

नळकांडं म्हणजे आप्पांची जुनी टेलिफोटो मॅक्रो लेन्स. लांब उभं राहून मुंगीएवढ्या गोष्टीचा मोठा फोटो काढायची. वीतभर लांब आणि हातात घेतली की मनगट बोलतं. फोकस हातानं फिरवायचा, ॲपर्चरची, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची, रिंगही हातानं. दिल्लीला पोस्टिंग असताना एका साहेबानं निवृत्त होताना ती आप्पांना दिली. आप्पांचा फिल्मचा कॅमेरा कधीच बंद पडला, पण नळकांडं चालूच. मधे ॲडॉप्टर लावला की आजच्या कॅमेऱ्यावरही बसतं.

हे सगळं आत्ता आठवायला एक कारण झालं. गेल्या वर्षी आप्पांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला त्रास सुरू झाला. ज्या डोळ्यानं त्यांनी जन्मभर नेम धरला, फोकस धरला, त्याच डोळ्याच्या मधोमध एक धुरकट डाग. आमच्या डॉक्टरांनी त्यांना सांगलीला डोळ्यांच्या चांगल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "आहे ते टिकवू. गेलेलं परत येणार नाही." परतीच्या वाटेवर आप्पा जीपमध्ये शांतपणे म्हणाले, "येत्या फुलांच्या सीझनला बघतो. न्हाई जमलं तर नळकांडं शिवाला. आन माजा रविवार बंद."

त्या दिवशी जीपमध्ये कुणी गाणी लावली नाहीत.

*

नळकांडं नव्या कॅमेऱ्यावर पहिल्यांदा चढवलं तेव्हाची गोष्ट. शिवाचा कोरा मिररलेस कॅमेरा. चाळकेवाडीचं पठार, सकाळचं मस्त ऊन. आप्पांनी फोकस धरला, बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. स्क्रीनवर सूचना आली. डॉक्टरांनी वाचून दाखवली, "लेन्स लावलेली नाही, म्हणतोय."

आप्पा आधी कॅमेऱ्याकडे बघत राहिले, मग शिवाकडे.

"एवढं मोठं नळकांडं लावलंय आन म्हनतुय लेन्स न्हाई? शिवा, तुजा कॅमेरा आंधळा हाय का रं?"

शिवा मेनूत शिरला तो हरवलाच. डॉक्टर मोबाईलवर शोधत होते, पठारावर रेंज येऊन जाऊन. उन्हं चढली, फुलं मलूल झाली, आमची भाकरी-चटणी खाऊन झाली. शेवटी सापडलं! लेन्स नसतानाही फोटो काढू द्यायचा, असा एक पर्याय आत दडलेला होता. तो चालू केला. खटॅक!

आप्पांनी कॅमेऱ्यावर थाप मारली. "वळखलं न्हाईच शेवटपातूर. पर गेटातनं आत सोडलं!"

*

ही ओळख न पटण्याची भानगड पुढे एका स्पर्धेत नडली. आप्पांनी एका कोळ्याचा फोटो पाठवला होता. जाळं विणताना, पायांवरचे केससुद्धा मोजून घ्या. परीक्षक तरुण होते, कॉम्प्युटरवर फोटोची माहिती उघडून बसलेले. लेन्सचं नाव, रिकामं. ॲपर्चर, नुसत्या रेघा.

"काका, ह्यात लेन्सची नोंदच नाही. फोटो तुम्हीच काढलाय ना? की कुठून डाउनलोड केलाय?"

मी आणि डॉक्टर घाबरलो. आप्पांना राग आला की ते ओरडत नाहीत, सावधानमध्ये उभे राहतात. तसे ते उभे राहिले, पिशवीतून नळकांडं काढलं आणि परीक्षकांच्या टेबलावर ठेवलं. टेबल हाललं.

"घ्या. नाव तिलाच इचारा."

पारितोषिक मिळालं नाही. पण परीक्षकांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते नळकांडं स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून बघितलं आणि जेवायचं विसरले.

*

डॉक्टरांची मॅक्रो लेन्स नवी, आखूड, महागडी, ऑटोफोकसची. फोटो खणखणीत येतो यात वादच नाही. फक्त जवळ जावं लागतं. एकदा शिवाच्या उसाच्या बांधावर गांधीलमाशीचं पोळं दिसलं. आप्पांनी लांब ट्रायपॉड लावला, खाली पोतं टाकलं आणि ऐटीत बसले. डॉक्टर पोटावर सरपटत पुढे.

"डॉक्टर, लय जवळ चाललाय तुमी!"

"आप्पा, डिटेल बघा ना कसलं येतंय!"

डिटेल आलं. मागोमाग माशीही आली. सोमवारी दवाखान्यात ज्याचे दात दुखत होते तो पेशंट डॉक्टरांचं तोंड बघून म्हणाला म्हणे, "आधी तुमचं बघा, माझं काय, उद्या येतो."

आप्पांचं म्हणणं एवढंच. "मी ही लेन्स लांबचं दिसावं म्हनून न्हाई ठेवली. लांब ऱ्हाता यावं म्हनून ठेवली!"

*

पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. आम्ही बाकीचे आता विजेवर चालणाऱ्या कोरड्या कपाटात लेन्सा ठेवतो. आप्पांचा उपाय जुना. ऊन पडलं की नळकांडं गच्चीवर.

एकदा सूनबाईंनी गच्चीत धुतलेल्या धोतरावर सांडगे घातले होते. आप्पांनी शेजारी विटेवर नळकांडं तिरकं ठेवलं, दोन्हीकडची झाकणं काढून, काचेला ऊन लागेल असं. स्वतः खाली चहाला गेले. नळकांड्याचं मागचं तोंड नेमकं सांडग्यांवर! थोड्या वेळानं वरून सूनबाईंची हाक आली.

"मामंजी, वर या लवकर! तुमची लेन्स सांडगं तळाय लागलीया!"

आप्पा धावले ते लेन्स वाचवायला. सूनबाई सांडगे वाचवायला. धोतराला मात्र रुपयाएवढं भोक पडलं. आप्पा आजही ते भोक कौतुकानं दाखवतात. म्हणतात, "काठ बघ रं कसा गोल हाय. अजून एक काच खराब न्हाई तिची."

*

काकींचा किस्सा सांगायचा तर आवाज जरा खाली घ्यावा लागतो. काकी म्हणजे आप्पांच्या मंडळी. जाऊन बरीच वर्षं झाली.

पठारावर वारा फार. उगीच नाही तिथे पवनचक्क्या उभ्या केल्या! आणि ह्या लेन्समधून फूल केसभर हाललं तरी फोटो गेला. फिल्मच्या काळात तर गेलेला फोटो आठवड्यानं कळायचा, धुऊन आल्यावर. म्हणून आप्पा काकींना घेऊन जायचे. काकी वाऱ्याच्या अंगाला पदर पसरून उभ्या राहायच्या, आप्पा पालथे पडून फोकस धरायचे. मी तेव्हा नुकताच त्यांच्याबरोबर जायला लागलो होतो. एकदा एका इवल्याशा फुलासाठी काकींना असं ताटकळत उभं केलं की शेवटी त्या म्हणाल्या,

"आवं, आपल्या लग्नात अंतरपाट बी एवढा येळ धरला नव्हता कुनी!"

आप्पा हसले, कॅमेरा हालला, फोटो गेला. तसलाच एक हाललेला फोटो आप्पांनी फ्रेम करून घरात लावलाय. नुसता जांभळा फराटा आहे. येणारा-जाणारा विचारतो, हे काय? आप्पा सांगत नाहीत. मला मात्र तो बघितला की काकींचा आवाज ऐकू येतो.

काकींच्या माघारी डॉक्टरांनी वाऱ्याला आडोसा म्हणून एक घडीचा पांढरा पडदा आणला. इम्पोर्टेड, वजनाला हलका, पिशवीत बसणारा. आप्पांनी वापरून बघितला. कसा आहे विचारलं तर म्हणाले, "चांगला हाय. पर बोलत न्हाई."

*

आता परवाचं सांगतो. पठारावरच्या फुलांचा सीझन संपत आलेला. सगळा सीझन आप्पांचा एकही फोटो मनासारखा झाला नव्हता. कॅमेऱ्याला डोळा लावायचे, रिंग फिरवायचे, आणि फोकस फुलाच्या मागेपुढे जायचा. मागची स्क्रीन मोठी करून बघा म्हटलं तर चिडायचे. "टीव्ही बघून फोटू काढू का आता?" फोकस लागला की कडा लाल करून दाखवायची सोय शिवानं एकदा चालू करून दिली, तर म्हणाले, "त्यानं त्याच्या मनानं लाल करायचं आन मी दाबायचं? मंग फोटू कुनाचा?"

त्या सकाळी जीपमध्ये बसतानाच त्यांनी नळकांड्याची पिशवी शिवाच्या मांडीवर ठेवली. "आज शेवटचं. जाताना तुज्याकडंच ऱ्हाऊ दे." शिवानं ती दोन्ही हातांनी धरली. साताऱ्यापासून पठारापर्यंत खाली ठेवली नाही.

त्या दिवशी वारा पडलेला. पवनचक्कीचं पातंही हालत नव्हतं. कातळावरच्या ओल्या मातीत सीतेची आसवं फुललेली, नखाएवढी, जांभळी. शिवानं ट्रायपॉड खाली बसवला, आपल्या कॅमेऱ्यावर नळकांडं चढवलं. आप्पांनी डोळा लावला. रिंग फिरवली. परत फिरवली. मग डोळा काढून चष्मा पुसला आणि म्हणाले, "न्हाई रं. जिथं फूल हाय तिथंच डाग हाय."

शिवानं स्क्रीन वर करून आप्पांच्या पुढ्यात फिरवली, लाल कडा बंद केल्या आणि फुलाचा मधला भाग मोठा केला. आणखी मोठा केला. "आप्पा, फोटू नगं. निस्तं बघा तरी."

आप्पांनी आधी मान वळवली. मग गुडघे टेकले, दोन्ही डोळ्यांनी वाकले आणि रिंगेवर बोटं ठेवली. जांभळी पाकळी धुक्यातून वर यावी तशी स्वच्छ झाली. तिच्या शिरा दिसल्या. पाकळीच्या कडेला एक थेंब, आणि थेंबाशेजारी नुसत्या डोळ्यांना दिसलाही नसता असा एक किडा, पुढचे दोन पाय एकमेकांवर घासत बसलेला.

"आरं तिच्या मायला," आप्पा हळूच म्हणाले. "तोंड धुतंय गड्या!"

आम्ही तिघं मागे उभे. डॉक्टरांनी माझा दंड पकडलेला. कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह लुकलुकायला लागलं. मी शिवाकडे बघितलं. दुसरी बॅटरी इस्लामपुरात, चार्जरला!

"आप्पा, दाबा की!"

"थांब."

"आप्पा, आवं बॅटरी चाललीय, दाबा!"

"थांब म्हनलं न्हवं. अजून मिशा धुयाच्या ऱ्हायल्यात त्याच्या."

आणि स्क्रीन काळी झाली. गेलं! शिवानं कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरांनी माझा दंड सोडला. सबंध सीझनचा एकुलता एक फोकस, आणि एकही फोटो नाही!

आप्पांनी काळ्या स्क्रीनकडे बघितलं. मग सावकाश उठले, पँटची माती झाडली, लेन्स काढून झाकणं लावली आणि पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली.

"शिवा," जीपकडे चालता चालता ते म्हणाले, "पुढच्या रविवारी दोन बॅटऱ्या आन."