उतार शिकवणारी अक्का

‘घाबरू नकोस’ असं अक्कानं मला एकदाही सांगितलं नाही. बाकी सगळ्यांनी ते आयुष्यभर सांगितलं होतं. वडिलांनी, नवऱ्यानं, लेकीनं, अगदी दातांच्या डॉक्टरांनीसुद्धा. अक्कानं पहिल्या भेटीत माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "भीती कुठं बसते तुझी? हातात, पोटात, का डोळ्यांत?"

मी जरा विचार करून म्हटलं, "हातात."

"मग बघू या. डोळ्यांत असली तर मी डोंगरावर नेत नाही. तसली माणसं वळणावर डोळे मिटतात."

देवराज मोहल्ल्यातल्या एका बोळात तिचं सायकलींचं दुकान होतं. घराणं मूळचं मराठी रंगाऱ्यांचं, पाच-सहा पिढ्या म्हैसूरमध्ये मुरलेलं. आजोबांनी कापड रंगवायच्या कढया बंद केल्या आणि वडिलांनी सायकली दुरुस्त करायला घेतल्या. पुढे ते काम अक्काकडे आलं. तेव्हा ती साठीच्या पुढची होती. बारीक चणीची, केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि नखांत कायम वंगण. मोठ्या वयाच्या बायकांना सायकल शिकवते म्हणून सगळे तिला ‘सायकल अक्का’ म्हणत. माझं मराठी ऐकून ती हसायची. "पुस्तकासारखं बोलतीस बघ," म्हणायची आणि लगेच दारातल्या गिऱ्हाइकाकडे वळून कानडीत सुरू व्हायची.

मी तिच्याकडे गेले ती लेकीमुळे. आम्ही वीसेक वर्षांपूर्वी साताऱ्याहून इथे आलो आणि जयलक्ष्मीपुरममध्ये घर केलं. मुलगी ईरा आता बेंगळुरूला नोकरी करते. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला तिनं दोघींचा बालीचा प्रवास ठरवला आणि त्यात एक सकाळ ज्वालामुखीच्या कड्यावरून सायकलनं खाली उतरायची. फोटो पाठवले. वर धुकं, खाली तळं, मधून नागमोडी रस्ता. ‘नवशिक्यांनाही जमेल’ असं त्याखाली लिहिलेलं. मी नेहमीसारखं गुडघ्याचं कारण सांगितलं. ईरा चिडली नाही. नुसतं म्हणाली, "आई, आपल्या प्रत्येक सहलीच्या फोटोंत तू खाली बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत असतेस." ते वाक्य मला फार लागलं, कारण ते खरं होतं.

खरं कारण गुडघा नव्हतं. पंधराव्या वर्षी साताऱ्याला एका उतारावर माझे ब्रेक लागले नाहीत. मी भिंतीवर आदळले आणि डावा हात दोन जागी मोडला. तेव्हापासून सपाट रस्त्यावर मी सायकल चालवू शके, पण उतार दिसला की खाली उतरे. हे ईराला मी कधी सांगितलंच नव्हतं. अक्काला मात्र पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकलं. तिनं माझा डावा हात हातात घेतला, मनगट फिरवून पाहिलं आणि एक जुना ब्रेक माझ्या मुठीत देऊन तो दाबून धरायला सांगितला. मी दाबला. ती आपलं काम करू लागली. बऱ्याच वेळानं हात थरथरायला लागला तेव्हा न बघताच आधी कानडीत ‘साकु’ म्हणाली, मग मराठीत, "सोड. पुरे झालं. हात लवकर थकतो तुझा. ज्वालामुखीच्या आधी हे बघायला पाहिजे."

तिची शिकवणी धीराच्या गोष्टींची नव्हतीच. रोज पिठाचा गोळा मळावा तसा रबरी चेंडू दाबायचा. रविवारी सकाळी टेम्पोत सायकली घालून चामुंडी डोंगरावर जायचं. पहिल्या रविवारी तिनं मला सायकलवर बसूच दिलं नाही. दोन्ही ब्रेकांवर बोटं ठेवून, सायकल हातात धरून, नुसतं उतार चालायला लावलं. आधी मागचा ब्रेक, मग पुढचा हलका. वळणाच्या आत नाही, वळणाच्या आधी वेग कमी करायचा. खड्डा दिसला तर खड्ड्याकडे बघायचं नाही, जिथून जायचं तिथं बघायचं. "उतार तुला खाली नेणारच आहे," ती म्हणाली. "तुझं काम फक्त उशीर करायचं."

दुसऱ्या रविवारी मी सायकलवर बसले. दोन वळणं बरी गेली. तिसऱ्यापाशी रस्त्यावर माकडांची टोळी बसली होती. मी ब्रेक दाबला, थांबले आणि पुन्हा पाय उचलेचना. मला वाटलं, आता ही समजावील, नाहीतर रागावेल. अक्का आपल्या सायकलवरून उतरली आणि माझ्याबरोबर चालायला लागली. खालपर्यंत आम्ही चालत आलो. सगळी वाट ती मला अवरेकाळू, म्हणजे इथल्या पावट्याचे दाणे, रात्रभर भिजवून सोलायचे कसे आणि त्यात बडीशेप का घालायची नाही, हे सांगत होती. सायकलीबद्दल एक शब्द नाही. पायथ्याशी पोचल्यावर म्हणाली, "पुढच्या रविवारी सहाला ये."

सगळ्यांनाच ती असं घेऊन जात नसे. एकदा एक तरुण आला. त्याला डोंगरावरून सुसाट खाली यायचं होतं आणि त्यासाठी चांगली सायकल भाड्यानं हवी होती. ब्रेकबद्दल तिनं काही विचारलं की तो हसून मान उडवायचा. अक्कानं त्याला सायकल दिली नाही. तो गेल्यावर मी कारण विचारलं, तर म्हणाली, "एकही प्रश्न विचारला नाही बघ त्यानं."

तिच्या या सावधपणाचं मूळ मला तिसऱ्या रविवारी कळलं. अक्का टेम्पो आणायला गेली होती. दुकानात तिची धाकटी बहीण सुमन ट्यूबला पंक्चर लावत बसली होती. सुमन एका पायानं लंगडत चालायची. मी तिला कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिनं आपणहूनच सांगितलं. सुमन तिशीच्या आत असताना अक्कानं तिला त्याच डोंगरावर नेलं होतं. सुमनला उतरायचं नव्हतं.

"मी नको नको म्हणत होते," सुमन म्हणाली. "ती म्हणाली, काही होत नाही गं, मी आहे की मागं. मागं होतीच ती. मागं राहून काय करणार?"

वळणावर सुमन पडली. खुब्याचं हाड मोडलं आणि एक पाय आखूड राहिला. त्यानंतर ती सायकलवर बसली नाही. मी विचारलं, राग येतो का? सुमननं ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहिले. "मला राग नाही. तिलाच पटत नाही मला राग नाही म्हणून."

तेवढ्यात टेम्पो दारात आला आणि आम्ही निघालो. त्या दिवशी मी अर्धा डोंगर सायकलवरून उतरले. त्याच्या पुढच्या रविवारी पूर्ण. किती वेळ लागला ते सांगण्यासारखं नाही; टेम्पोवाला आमच्या आधी खाली पोचून दोन इडल्या खाऊन झोपला होता.

मला वाटलं, झालं, आता अक्का ‘जा’ म्हणेल. पण तिनं बालीत ही सायकलसहल नेणाऱ्या लोकांना विचारायला प्रश्न दिले. मागून गाडी येते का, कुठंही थांबून गाडीत बसता येतं का, एका वाटाड्यामागं किती जण असतात, पाऊस आला तर काय करतात, आपल्या उंचीची सायकल देतात का. मी ते ईराला कळवले. ईरानं चौकशी करून सगळी उत्तरं पाठवली. अक्कानं ती मला दोनदा वाचायला लावली आणि मग म्हणाली, "जाण्यासारखं आहे. सगळ्यांच्या मागं राहा. हात दुखायच्या आधी थांब, दुखल्यावर नको. आणि लेकीला खरं सांगून जा. नाहीतर ती पुढं जाईल आणि तू तिला गाठायला जाशील. तिथंच माणूस पडतं."

हे शेवटचं मला चामुंडी डोंगरापेक्षा अवघड गेलं. तीन दिवस टाळून मी ईराला फोन केला आणि साताऱ्याची भिंत, मोडलेला हात, आजवरचे गुडघे आणि डोकेदुख्या, सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "कुठला हात, आई?"

बालीला त्या कड्यावर खरंच धुकं होतं. आमच्याबरोबरचे सहाही जण भराभर पुढे गेले. ईरा माझ्या मागे राहिली. तिला मी तसं सांगितलं नव्हतं. मी अकरा वेळा थांबले. एका ठिकाणी रस्त्यावर खडी सांडली होती आणि समोरून ट्रक येत होते. तिथे मी हात वर केला, गाडीत बसले आणि तो तुकडा संपल्यावर पुन्हा सायकल घेतली. खाली भाताच्या खाचरांपाशी पोचलो तेव्हा बाकीच्यांचं शहाळं पिऊन झालं होतं. ईरानं माझा फोटो काढला. त्यात मी हसत नाहीये, घामेजलेली आहे, हेल्मेट वाकडं झालंय. तो फोटो तिनं आपल्या घरी भिंतीवर लावला आहे.

परत आल्यावर अक्कानं एवढंच विचारलं, किती वेळा थांबलीस? अकरा म्हटल्यावर तिनं खूश होऊन सुमनला कॉफी करायला सांगितली.

मागच्या वर्षी दुकानाची इमारत पाडायला घेतली. अक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोघी बहिणी सरगूर गावी मावसभावाकडे राहायला गेल्या. दुकान रिकामं करताना मी मदतीला होते. निरोप घेताना अक्कानं सरगूरच्या घरचा पत्ता माझ्याकडून दोनदा म्हणून घेतला.

चार महिन्यांनी मी बसनं सरगूरला गेले. थांब्यावर उतरले तर समोरून एक तीनचाकी सायकल येत होती. दोन जुन्या सायकली कापून अक्कानं ती गावच्या लोहाराकडून जोडून घेतली होती. एका पायडलवर लाकडाचा ठोकळा बसवलेला, आखूड पाय पोचावा म्हणून. चालवत होती सुमन. मागच्या बैठकीत, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन, अक्का बसली होती.

घराकडे वळताना रस्ता थोडा उतरता आहे. आपल्याला जाणवणारही नाही, इतका. तिथे सुमननं सायकल थांबवली. अक्कानं दोन्ही हातांनी बाजूचा गज पकडला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"सुमा, मला भ्या वाटतंय गं," ती म्हणाली.

सुमननं मागे वळून पाहिलं नाही. "वाटू दे की," ती म्हणाली. "धरून बस." आणि ब्रेक हळूहळू सैल करत तिनं बहिणीला खाली नेलं. मी मागून चालत गेले.