चर्चच्या दाराशी लावलेले फोटो

आमच्या गल्लीतल्या शिंपीणकाकूंना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. मशीनवर असल्या तरी एक डोळा दाराकडे, चहा घ्यायचा तो उभ्यानं. "हिच्या पायाला भिंगरी आहे," काका म्हणत. शाळेचे गणवेश शिवून झाले की त्या चर्चच्या मागच्या खोलीत जात. लोकांनी दान दिलेल्या वस्तू तिथे खोक्यांत भरायच्या असत: मोजे, रंगपेट्या, बाहुल्या. तुटकं-मळकं काही दिसलं की काकू ते बाजूला काढत. "आपल्या पोराला देणार नाही, ते दुसऱ्याच्याला कशाला?"

वर्षाखेरीस ही खोकी नाल्यापलीकडच्या वस्तीत वाटली जात. त्या वर्षी एका मुलीनं खोकं घेतलं, उघडून पाहिलं आणि चर्चच्या पाळकांनी कॅमेरा पुढे धरताच ते टेबलावर परत ठेवून ती निघून गेली.

"लाजली," पाळक हसून म्हणाले.

काकूंना मात्र चैन पडेना. दुसऱ्या दिवशी बाही उलटी जोडली गेली. उसवून पुन्हा जोडली, तर पुन्हा उलटीच. शेवटी खोकं पिशवीत घालून त्या विचारत विचारत मुलीच्या घरी पोचल्या. तिची आई कपड्यांना इस्त्री करत होती. तिनं स्टूल पुढे सरकवलं, पण काकू बसल्या नाहीत.

"पोरीला आवडलं नाही का?"

"आवडलं की. रंगपेटीबद्दल किती वेळ बोलत होती." आईनं इस्त्री उभी ठेवली. "गेल्या वर्षीचा तिचा फोटो तुम्ही चर्चच्या दाराशी लावलाय. खाली लिहिलंय, 'या लेकरांना तुमची गरज आहे.' तिच्या वर्गातली पोरं तिथे येतात, ताई. तेव्हापासून तिला 'गरजू' म्हणून हाका मारतात."

मुलगी दाराआडून ऐकत होती. काकूंनी खोकं पुढे केलं.

"पुन्हा माझा फोटो काढणार?" तिनं विचारलं.

"नाही."

"नंतर?"

"नंतरही नाही," काकू म्हणाल्या खऱ्या, पण ते आपल्या हातात नाही हे त्यांना बोलतानाच जाणवलं. मुलीलाही जाणवलं असावं. तिनं हात पुढे केला नाही.

काकू तिथून तडक चर्चमध्ये आल्या आणि दाराशेजारच्या भिंतीवरच्या फोटोंच्या टाचण्या उपसू लागल्या. पाळक धावत आले.

"अहो काकू, हे बघूनच लोक देतात. पुढच्या वर्षी खोली रिकामी राहील."

"ती पोर वर्गात काय ऐकून घेते, माहीत आहे तुम्हाला?"

त्यांना माहीत नव्हतं. काकूंनी सगळं सांगितलं. पाळक मनानं वाईट नव्हते आणि त्यांची काळजीही खोटी नव्हती. "चर्चच्या समितीला विचारतो," ते हळूच म्हणाले.

बरीच वादावादी होऊन फोटो बंद झाले. पण पुढच्या वर्षी खोकी खरंच कमी भरली. काकू घरोघर फिरल्या, गिऱ्हाइकांच्या मागे लागल्या, तरी पुरी पडेनात. वाटपाच्या दिवशी ती मुलगी रांगेत आली, खोकं घेऊन तिथेच जमिनीवर बसली आणि रंग काढून बघू लागली. काकूंचं लक्ष मात्र रांगेच्या शेवटाकडे होतं. तिथली पोरं रिकाम्या हातांनी उभी होती.

"माझ्यामुळे झालं का हो हे?" त्यांनी काकांना विचारलं.

"थोडं तुझ्यामुळे," काका म्हणाले. "पण तू केलंस ते बरोबरच केलंस."

काकूंचं त्यानं समाधान झालं नाही. गणवेशांच्या उरलेल्या कापडाची दप्तरं होतील, असा विचार करत त्या रांगेच्या शेवटाकडे निघाल्या.