आंतोनबाबांचा दांडा

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. मी हायस्कुलात इतिहास शिकवतो. इतरांनी लिहिलेले समजावून सांगणे एवढेच माझे काम. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, कागदावर तो फुटेल अशीही खात्री नाही. परंतु आंतोनबाबांना गावात अजून 'फिरंग्यांचा हेर' म्हणतात आणि ते ऐकून गप्प बसणे आता मला शक्य नाही. या धाडसाबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

आमची पहिली भेट वेंगुर्ल्याच्या बाजारात झाली. काखेतली छत्री एकाएकी मागे ओढली गेली, म्हणून मी वळलो. पांढऱ्या मिशांचे एक सडपातळ वृद्ध गृहस्थ आपल्या छत्रीच्या मुठीचा आकडा माझ्या छत्रीत अडकवून शांतपणे उभे होते.

"टाच वर आसा तुमची," ते म्हणाले. "जेची टाच वर, तेची छत्री माझी."

मासळीवाल्या हसू लागल्या. "गावलात मां मास्तरानू आंतोनाक?" त्यांतली एक म्हणाली. मी तिथल्या तिथे टाच टेकवून उभा राहून दाखवले, तेव्हाच छत्री परत मिळाली.

रेडीच्या बाजूला आमचे गाव आहे. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे आंतोनबाबांचे चार माड आणि एक लहानसे घर होते. तरुणपणी ते पणजीला राजवाड्याच्या पहाऱ्यावर नोकरीला होते. तिथल्या एका म्हाताऱ्या युरोपियन सार्जंटने त्यांना जुन्या काळचे एक शस्त्र चालवायला शिकवले होते. आंतोनबाब त्याला 'आलबार्द' म्हणत, लाडात आले की नुसते 'दांडो'. माणसाहून उंच दांडा, शेंड्याला भाल्याचे टोक, एका अंगाला कुऱ्हाडीचे पाते, दुसऱ्या अंगाला आकडा. पहाऱ्यावर नव्या बंदुका आल्या तेव्हा सार्जंटने तो त्यांना देऊन टाकला. "दिलो हां, चोरूक नाय," हे ते विचारल्याशिवायही सांगत.

चाळिशी ओलांडलेला, कधी विटीदांडूही धड न खेळलेला मी त्यांच्याकडे शिकायला का गेलो, हे मला नीटसे सांगता येणार नाही. पुस्तकात ज्या शस्त्राचे नुसते चित्र पाहिले होते, ते हाताळणारा माणूस भेटला, हे एक कारण. आपली टाच नेहमीच वर असते हे मला ठाऊक होते, हे दुसरे. भात कापून झाल्यावर त्यांच्या घरामागच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या लहानशा खाचरात, आम्ही बांबूच्या लांब काठ्या घेऊन उभे राहत असू. काठी हातात नसली की ते मला 'तुमी' म्हणत. हातात आली की 'तू'.

पहिले कित्येक आठवडे मारणे नव्हतेच. त्यांच्या काठीला काठी टेकवून ठेवायची आणि त्यांचा दाब कुठून येतो ते ओळखायचे. "डोळे नको वटारू. तळव्यान ऐक," ते म्हणत. मला ऐकू येईपर्यंत त्यांचे टोक माझ्या छातीवर आलेले असे आणि मी मागे सरकत असे. मग ते भडकत.

"मागे खंय जातंस? मरान टोकार आसा रे. दांड्याकडे नुसता लाकूड. फुडे ये, फुडे!"

हे मला फार उशिरा कळले. लांब शस्त्रापुढे माघार घेणारा माणूस नेमका पात्याच्या टप्प्यात राहतो. टोक बाजूला सारून एक पाऊल आत शिरले, की पाते निरुपयोगी होते. पण ते पाऊल टाकायला माझे पाय तयार होत नसत. एकदा चिडून मी खांद्याच्या जोरावर ढकलले, तेव्हा त्यांनी काठी आकड्यासारखी माझ्या टाचेमागे घालून मला चिखलात बसवले. "राग इलो काय खांदो वर जाता," ते म्हणाले. "राग पायात ठेव. थंय तेचो उपयोग आसा."

गोवा मुक्त झाला. आंतोनबाबांनी त्या नाताळात घरोघर नेवऱ्या वाटल्या आणि लोकांनी त्या खाल्ल्या. त्याच लोकांची समिती महिन्याभरात त्यांच्या अंगणात उभी राहिली. समितीचे अध्यक्ष एरवी आमच्यासारखेच मालवणी बोलत; त्या दिवशी ते कचेरीतली भाषा बोलले.

"आंतोन, प्रजासत्ताक दिनाची मिरवणूक आहे. तुम्ही लाल विजार घालून, ते शस्त्र घेऊन यायचे आणि माझ्या ओसरीसमोर गुडघे टेकून ते खाली ठेवायचे. फिरंगी शरण आला, असा देखावा."

"मी गुडघो इगर्जीत टेकतंय, देवाफुडे," आंतोनबाब म्हणाले. "तुमची ओसरी इगर्जी कधी झाली? आणि फिरंगी कोण रे? माझो पणजो हयच पुरलेलो आसा."

"मग शस्त्र द्या. ते शत्रूचे आहे. दुसरा कुणी फिरंगी होईल."

समितीतले दोघे जण घराच्या दाराकडे निघाले. तेव्हा मी पुढे झालो आणि दारात उभा राहिलो. "हे शस्त्र त्यांचे आहे," मी म्हणालो. "हवे असेल तर मागा. नाही म्हणाले तर परत जा."

"मास्तर, तुम्हाला वाचा कधी फुटली?" अध्यक्षांनी विचारले. सगळे हसले. मला खांद्याला धरून बाजूला केले गेले आणि दांडा त्यांनी नेला. अंगणात उभ्या असलेल्या शेजाऱ्यांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. नेवऱ्या खाल्लेली ती तोंडे मला आजही नावानिशी आठवतात.

आंतोनबाबांनी खाली पडलेला माझा चष्मा उचलून दिला. "बरा बोललात, मास्तरानू," ते म्हणाले. "टाच खाली होती तुमची." त्यांनी केलेली माझी ही एकमेव स्तुती.

देखावा झाला. कुणीतरी दांडा उलटा धरून गुडघे टेकले आणि गावाने टाळ्या पिटल्या. पुढे तो अध्यक्षांच्या ओसरीच्या भिंतीवर गेला. मी तो परत मागायला अनेकदा गेलो; दर वेळी "बघू" हेच उत्तर आणि वर चहा. एकदा आकड्याला केळ्यांचा घड टांगलेला पाहिला. त्या दिवशी मी चहा तसाच ठेवून उठलो.

यंदाच्या शिमग्यानंतर आंतोनबाब गेले. आदल्या दिवशी मी त्यांच्या खाटेपाशी बसलो होतो. "दांडो हाडलात?" त्यांनी विचारले. मी नकारार्थी मान हलवली. "मगे परत जावा. हयसर हाडू नकात, तुमच्या घरात ठेवा." अध्यक्षांनी अंत्ययात्रेला जरीचा हार पाठवला. तो मी दफनभूमीच्या फाटकातूनच परत धाडला.

येत्या रविवारी सकाळी मी त्या ओसरीवर जाणार आहे. या वेळी मागणार नाही. भिंतीवरून उतरवणार आहे. पण दांडा लांब आहे आणि ओसरीचे दार अरुंद. एकट्याने काढताना पाते चौकटीला लागेल. दुसरे टोक धरायला एक माणूस हवा. तुम्ही याल का?