दंडातल्या बांगड्या

परवा एका प्रदर्शनात लमाण बाईच्या दंडातल्या हाडाच्या पांढऱ्या बांगड्या पाहिल्या आणि सोलापुरातलं आमचं मागचं दार आठवलं. मुलींच्या शाळेच्या संमेलनात मला लमाणी नाच करायचा होता. आरशांचा घागरा आईने शिवला, पण बांगड्या खऱ्याच हव्यात असा माझा हट्ट. तांड्यावरची एक बाई आमच्याकडे मोळी विकायला यायची. कोपरापासून खांद्यापर्यंत तिचे दंड भरलेले असत. मी दर खेपेला मागायचे, ती हसून म्हणायची, "न्हाय बाय, ह्या उतरत न्हाईत." मध्ये पंधरा दिवस ती आलीच नाही. मग संमेलनाच्या आदल्या दिवशी तिने फडक्यात बांधलेल्या बांगड्या माझ्यापुढे ठेवल्या. "नाच झाला की माघारी दे," एवढंच म्हणाली. मी पळतच आत गेले. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, हुबेहूब लमाणीण दिसतेस. घरी मात्र शेजारच्या काकूंनी आईला सांगितलं, की नवरा गेल्याशिवाय त्या बायका ह्या बांगड्या काढत नाहीत. आईने मला डोक्यावरून अंघोळ घातली आणि बांगड्या न्हाणीच्या चुलीत, तिच्याच मोळीच्या लाकडांवर टाकल्या. हाड जळल्याचा वास दोन दिवस घरातून गेला नाही. ती मागायला आली तेव्हा "हरवल्या" असं मीच सांगितलं. ती माझ्या मोकळ्या दंडांकडे बघत राहिली. "त्यानं आणल्या व्हत्या," म्हणाली, आणि गेली. आज त्या नाचातली एकही गिरकी मला आठवत नाही. फडक्यातून बांगड्या घेताना त्या उतरल्या कशा, हे मी तिला विचारलं नव्हतं, तेवढं आठवतं.