दोन पंचांच्या सह्यांचा सीन

"हे काय लिहिलंय तुम्ही?" दिग्दर्शकांनी माझ्या कथेची दीडशे पानं टेबलावर ठेवली. "'हिरॉइनच्या मनात वादळ उठलं.' हे कॅमेऱ्याला कसं दिसणार?"

बैहरच्या रेस्ट हाऊसचा व्हरांडा होता. साठच्या दशकातली गोष्ट. मी वनखात्यात कारकून. मुंबईचं एक युनिट हिंदी सिनेमाच्या शूटिंगसाठी आमच्या जंगलात आलं होतं आणि त्यांच्या परवान्यांचं काम माझ्याकडे होतं. तीन वर्षं खपून लिहिलेली कथा मी पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात कोंबली. बैहरला दुसरा दिग्दर्शक कधी येणार होता?

"शुक्रवारी आम्ही निघतो," ते म्हणाले. "तोवर यातला एक सीन लिहून आणा. एकच. दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच लिहायचं."

सीन म्हणजे एका ठिकाणी, एका वेळी जे घडतं ते. एवढं कळलं. कागदावर मांडतात कसा, हे विचारायची लाज वाटली. दोन दिवस नुसते कागद फाडले. दुसऱ्याच ओळीत मी हिरॉइनच्या काळजात शिरायचो.

गुरुवारी सकाळी ऑफिसात चोरून तोडलेल्या सागाच्या पंचनाम्याची पक्की प्रत लिहायला बसलो. पंचनामा म्हणजे जागेवर जे दिसलं त्याची साक्षीदारांसमोर केलेली नोंद. आमचे रेंजरसाहेब त्या बाबतीत फार कडक. मागे एकदा मी 'चोर घाबरून पळाला' असं लिहिलं, तर केवढ्यांदा ओरडले होते, "तो घाबरला हे तुले कोनं सांगतलं? चप्पल पडली दिसली, तं चप्पल लिव ना!"

ते आठवलं आणि पेन थांबलं. साग बाजूला ठेवला. त्याच साच्यात, ऑफिसचं काम चालायचं त्या रुक्ष हिंदीत, माझ्या कथेतला बसस्टँडचा प्रसंग लिहून काढला. स्थळ. वेळ. हजर माणसं. बाई जेवणाच्या डब्याजवळ दोन ताटल्या मांडते. बस थांबते. सात जण उतरतात. बाई सातही चेहरे पाहते. बस जाते. बाई एक ताटली पिशवीत ठेवते.

दुपारी जेवायला घरी आलो तेव्हा बायकोला वाचून दाखवलं.

"अवो, हा तं पंचनामा झाला," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "तिचा नवरा आलाच नाही का?"

"नवरा तर मी लिहिलाच नाही. तुले कसं समजलं?"

"एक ताटली वापस ठेवली ना तिनं!" तिचे डोळे भरले होते.

मला इतका आनंद झाला की हात आपोआप चालला. खाली 'पंचांना वाचून दाखविले, बरोबर आहे' या अर्थाची ठरलेली ओळ लिहून मी तिची आणि शेजारच्या काकूंची सही घेतली. ऑफिसात रोज तेच करायचो.

संध्याकाळी रेस्ट हाऊसवर दिग्दर्शकांनी कागदाखालच्या सह्या पाहिल्या आणि पोट धरून हसले. कॅमेरामनला बोलावून दाखवलं. तोही हसला. मी मान खाली घालून उभा. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मग त्यांनी तो कागद पहिल्यापासून पुन्हा वाचला. या वेळी हसले नाहीत.

"ही पहिली सही कुणाची?"

"बायकोची, साहेब."

"काय म्हणाल्या?"

"रडली."

"बरं." त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. "उरलेली कथा अशीच लिहा आणि मुंबईला घेऊन या. सह्या नकोत."

सहा महिने रविवारी बसून लिहिलं. त्यांनी तीनदा परत लिहायला लावलं. चौथ्यांदा घेतलं आणि त्यावर सिनेमा काढला. वारासिवनीच्या टॉकीजमध्ये पडद्यावर माझं नाव आलं, तेव्हा बायकोने एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की पुढची माणसं वळून बघायला लागली.

नवे लेखक मला विचारतात, तुम्ही पटकथा कुठे शिकलात? खरं उत्तर थोडं अडचणीचं आहे. ज्या नोकरीतून सुटका व्हावी म्हणून मी रोज तळमळत होतो, तिनेच मला लिहायला शिकवलं. आणि वर पगारही दिला.